ठाण्याचा सूर्यास्त

आमच्या घरात प्रार्थनेला नमाज म्हणतात. कोकणातल्या बेने इस्राएलांची, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंची, ही जुनी बोली. आजोबा तर सिनेगॉगलाही, आमच्या प्रार्थनामंदिरालाही, मशीदच म्हणायचे आणि ठाण्यात कुणाला त्याचं काही वाटत नसे. हैदराबादला बदली झाली, आईला आणि बायकोला घेऊन मी विद्यानगरात राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्या मियाँनी मला गॅलरीत पाहिलं. मी पश्चिमेकडे तोंड करून, पुस्तक धरून पुटपुटत होतो. माझं आटोपल्यावर त्यांनी अदबीने विचारलं, काय वाचत होतात? मी सांगितलं, नमाज. कुठली? दुपारची. त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मगरिब हो गई ना जी," ते म्हणाले; मगरिब म्हणजे त्यांची सूर्यास्तानंतरची नमाज. "तुम अबी दोपहर की पढ़ रैं?"

चूक माझी नव्हती, कॅलेंडरची होती. ठाण्याहून दरवर्षी येणारं आमचं कॅलेंडर फ्रीजवर चिकटवलेलं असतं. त्यात सण असतात, शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीची, वेळ असते, रोजचा सूर्यास्त असतो. पण तो ठाण्याचा. हैदराबाद पूर्वेला, त्यामुळे सूर्य इथे वीसेक मिनिटं आधीच बुडतो. म्हणजे आठवडाभर मी दुपारची नमाज रात्री म्हणत होतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "देवाने ओळखलं असेल, हा नवीन दिसतो, ठाण्याचा आहे."

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुपारच्या नमाजेला आम्ही मिन्हा म्हणतो. ती सूर्य मावळायच्या आत व्हावी लागते. रात्रीची ती अर्वित. ती तारे दिसल्यावर. आमचा दिवस रात्रीपासून सुरू होतो, म्हणून आजची अर्वित ही खरी उद्याची पहिली नमाज. आता सूर्यास्ताच्या आधीचा जो सव्वा तास आहे, त्याच्यावरून जुन्या गुरूंचं जमलं नाही. कुणी म्हणाले, ती दुपारच. तिथे मिन्हा म्हणा. कुणी म्हणाले, ती संध्याकाळ धरा. तिथे अर्वितही चालेल. एकट्या माणसाने दोन्हींपैकी एक मत धरायचं आणि त्यालाच चिकटून राहायचं. एकाच दिवशी तो सव्वा तास दुपारही समजायचा आणि रात्रही, हे चालत नाही. मात्र दहा माणसं जमली, मिन्यान झाला, की सवलत आहे: मिन्हा आणि अर्वित जोडून म्हणून टाका. कारण माणसं एकदा घरी गेली की पुन्हा येत नाहीत.

मी कायम एकटा. आबिड्सच्या ऑफिसात जिन्याखाली मिन्हा, आणि घरी आल्यावर गॅलरीत अर्वित. शहरात आमची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही पांगलेली. माझा धाकटा भाऊ अश्दोदला असतो, इस्राएलमध्ये. त्याच्या इमारतीच्या खालीच सिनेगॉग आहे. कामावरून येतो, गाडी लावतो, आत शिरतो, अर्ध्या तासात दोन्ही नमाजा जोडून आटोपतो आणि जेवायला वर जातो. आई त्याचं हे सगळ्यांना सांगायची. मी जिन्याखालचं कधी सांगितलं नाही, म्हणून तिनेही सांगितलं नाही.

शेवटची काही वर्षं आई अंथरुणातच होती. खिडकीतून तिला आकाश दिसायचं नाही. संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहून तीन तारे दिसायची वाट बघायचो आणि आत येऊन सांगायचो, "आई, दिसले." ती मान हलवायची. मग मी अर्वित म्हणायचो आणि ती पडल्या पडल्या ऐकायची. त्या दिवशीही मी आत येऊन सांगितलं. तिने मान हलवली. मी पुस्तक उघडलं, पान लावलं, आणि बायको म्हणाली, अहो, इकडे या. तेवढ्यात झालं. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजत होते.

रात्रीच तिला घेऊन ठाण्याला निघालो. कबरस्तानात कुणीतरी विचारलं, किती वाजता गेल्या? मी म्हणालो, सहाला. विचारणाऱ्याने बोटं मोजली आणि आमच्या पंचांगाची तिथी सांगितली. भाऊ फोनवर होता, त्याला येता आलं नव्हतं. त्याने ती तिथी ऐकली आणि लिहून घेतली. ठाण्यात त्या दिवसांत सहाला सूर्य अजून पुरता बुडालेला नसतो. सहाला गेली म्हणजे दिवस असताना गेली, असं सगळ्यांनी धरलं. पण ती ठाण्यात गेली नव्हती. ती हैदराबादला गेली होती, तारे दिसल्यावर, म्हणजे पुढच्या तिथीला. हे फक्त मला माहीत होतं, आणि त्या वेळी मी हे बोलण्याच्या अवस्थेत नव्हतो. सात दिवसांच्या सुतकात ते एकदा मनात आलं होतं. म्हटलं, बोलू नंतर.

नंतर मी बोललो नाही. त्याचं कारण हेवा.

आईबापामागे मुलाने वर्षभर कद्दीश म्हणायचं असतं, गेलेल्याच्या नावाने म्हणायची प्रार्थना. मिन्हाच्या शेवटी, अर्वितच्या शेवटी, उभं राहून. ते एकट्याला म्हणता येत नाही. दहा माणसं लागतात, आमेन म्हणायला. सुतकाचे सात दिवस मी ठाण्यात म्हटलं, मग इथे परत आलो आणि माझं कद्दीश बंद झालं. अश्दोदमध्ये भावाचं सुरू राहिलं. रोज, दोन्ही वेळा. तो मला कळवायचा, चांगल्या मनाने कळवायचा: "दादा, आजचं झालं." ऑफिसातून घरी येताना बसमध्ये तो मेसेज यायचा. दिलसुखनगरच्या क्लासमधून सुटलेली पोरं अंगावर रेललेली असायची आणि मी ते तीन शब्द वाचायचो. आईच्या पाठीला पावडर मी लावली होती. रात्री तिची कूस मी बदलली होती. आणि तिच्यासाठी देवापुढे उभा राहणारा तो होता, कारण त्याच्या इमारतीखाली दहा माणसं होती.

ठाण्याची मावशी फोन करायची. एकदा म्हणाली, "धाकट्याने आईचं नाव काढलं हो. एक मिन्हा चुकवत नाही पोरगा." मग तिला वाटलं असावं की माझ्यासाठीही काही बोलायला हवं. "तू पण जवळ होतास म्हणा."

'जवळ होतास म्हणा' हे मी बरेच दिवस चघळलं.

अशाच एका संध्याकाळी गॅलरीत उभा असताना ती तिथीची चूक मला परत आठवली, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. भाऊ वर्षभर उभा राहिला असेल, पण वर्षदिनाला तो चुकीच्या रात्री उभा राहणार होता. खरी रात्र माझ्याकडे होती. ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मी ती पैसे लपवावेत तशी लपवून ठेवली. मध्ये कितीतरी वेळा आम्ही बोललो. त्याने विचारलंही की वर्षदिनाला तू काय करतोस. मी म्हणालो, बघू.

आणि मी दहा माणसं जमवायला लागलो. सिकंदराबादला एक काका आहेत, आमच्यातले, वयाने सगळ्यांत मोठे आणि नमाज चालवणारे. त्यांना धरून आमची इथली माणसं मोजली: मी, काका, त्यांचा जावई, दोन विद्यार्थी, एक डॉक्टर, पुण्याहून कंपनीच्या कामासाठी आलेले दोन भाऊ. आठ झाले. काकांनी कुठूनतरी इस्राएलहून कामासाठी आलेले दोन इंजिनियर शोधले. ते यायला तयार झाले, पण त्याच रात्रीचं त्यांचं विमान होतं. अंधार पडायच्या आत त्यांना निघावं लागणार होतं. काका म्हणाले, काही हरकत नाही, दहा असतील तेव्हा जोडून घेऊ. मी फोनवर हो म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी, शब्बाथ सुटल्यावर, भावाने त्याच्या तिथीप्रमाणे वर्षदिन केला. व्हिडिओ पाठवला. लांब टेबलं होती, पांढरे कागद अंथरलेले, खूप माणसं जेवत होती. मधोमध आईचा फोटो होता, आणि फोटो मीच काढलेला होता, आमच्या गॅलरीत. मावशीने खाली हात जोडल्याची चित्रं टाकली. मी पण एक टाकलं. त्या वेळीही त्याला सांगता आलं असतं. मी बायकोला म्हणालो, उद्या आपलं.

रविवारी दुपारी सगळे आले. आमच्या बाहेरच्या खोलीत दहा पुरुष एका वेळी कधी उभे राहिले नव्हते. बायकोने मलिद्याचं ताट केलं होतं, पोहे आणि नारळ, वर खजूर आणि फळं. इंजिनियर मुलं वयाने लहान होती. ताटाकडे कुतूहलाने बघत होती. त्यांच्याकडे हे नसतं. ऊन अजून समोरच्या इमारतीवर होतं. काकांनी मिन्हा सुरू केली. शेवटी कद्दीश आलं, काकांनी मला खूण केली आणि मी उभा राहिलो. वर्षभर ज्याची वाट पाहिली होती ते मी म्हटलं, आणि नुसतं उरकलं. कारण माझ्या हिशोबाने ही अजून भावाचीच तिथी होती. नऊ माणसं आमेन म्हणत होती आणि मी त्यांच्या डोक्यांवरून उन्हाकडे बघत होतो.

मिन्हा संपली. काकांनी पान उलटलं. "चला, लगेच अर्वित."

मी म्हणालो, तारे दिसल्याशिवाय नको.

काकांना वाटलं मी विसरलो. त्यांनी त्या दोघांकडे बोट केलं, त्यांची विमानाची गोष्ट परत सांगितली. मी म्हणालो, मला माहीत आहे. पण आई तारे दिसल्यावर गेली. तिची रात्र उन्हात सुरू करणं मला पटत नाही.

"अरे, एकटा असशील तेव्हा तारे बघ," काका म्हणाले. "दहा जमले की सवलत आहे. कशासाठी दिलीय? माणसं उठली की परत बसत नाहीत म्हणूनच. तुझा भाऊ तिकडे रोज काय करतो?"

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं. त्यांना काय माहीत. त्यांनी दुसरं काहीही म्हटलं असतं तर मी कदाचित ऐकलं असतं.

"तो करतो," मी म्हणालो, "म्हणून तर त्याची तिथी चुकली."

याचा अर्थ कुणालाच कळला नाही. जोडून म्हणण्याचा आणि तिथी चुकण्याचा काही संबंधच नव्हता, हे मलाही माहीत होतं. पण माझी रात्र मला अशी हवी होती की तिच्यात कुणाला बोट ठेवता येऊ नये. त्याच्यासारखी सवलतीची नको. काकांनी पुस्तक मिटलं. वर्षदिन माझ्या घरचा, त्यामुळे जबरदस्ती त्यांना करायची नव्हती. इंजिनियर मुलांनी आणखी थोडा वेळ थांबून पाहिलं. दोन-तीनदा फोन बघितला. मग त्यांनी एकेक खजूर घेतला, बायकोला नमस्कार केला, मला मिठी मारून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाले, आणि गेले. खाली त्यांच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा समोरच्या इमारतीवरचं ऊन नुकतंच सरलं होतं.

मग आम्ही आठजण बसलो. बांग झाली. डॉक्टर मुलांच्या शाळेबद्दल बोलले. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पहिला तारा दिसला, दुसरा दिसला, तिसऱ्याला खूप वेळ लागला. आत येऊन मी सवयीने "दिसले" म्हणालो आणि कुणाला म्हणालो ते माझं मलाच कळलं नाही.

आठ जणांनी अर्वित म्हटली, प्रत्येकाने आपापली. शेवटी कद्दीशची जागा आली तिथे काका थांबले, नुसते थांबले, आणि पुढे गेले. माणसं मलिदा खाऊन गेली. जाताना काका दारात म्हणाले, उद्या दिवसभर हीच तिथी आहे, उद्या मिन्हाला बघू. दोघांनाही माहीत होतं की सोमवारी कामाच्या दिवशी इथे दहा माणसं मिळत नाहीत.

बायको ताटं आवरत होती. तिला सगळं माहीत होतं. मीच सांगितलं होतं, मोठ्या फुशारकीने. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दहा माणसं आईंसाठी आली होती. तुमच्यासाठी नाही."

मी म्हणालो, कळतं मला.

"तुमच्या भावाकडे आत्ता किती वाजले असतील?"

तिने मुद्दाम विचारलं की सहज, हे मी अजून तिला विचारलेलं नाही. साडेतीन तासांचा फरक. त्याच्याकडे अजून दुपार होती. अश्दोदमध्ये सूर्य वर होता. आईची रात्र इथे येऊन बसली होती, तिथे पोचायला तिला अजून वेळ होता. आणि तिथे दहा माणसं होती.

मी लगेच फोन केला असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी गॅलरीत जाऊन बसलो. आमच्याकडे नियम आहे, मिन्हा विसरून राहिली तर अर्वित दोनदा म्हणायची, भरपाई होते. पण जाणूनबुजून चुकवली असेल तर भरपाई नाही. गेली ती गेली. मी तिथे बसून स्वतःला पटवत होतो की मी विसरलो होतो. आणि त्याच वेळी हेही मोजत होतो की फोन केला नाही तर काय होईल: आईसाठी तिच्या रात्री कुणीच कद्दीश म्हणणार नाही. तोही नाही, मीही नाही. फिट्टंफाट. हा शब्द माझ्या डोक्यात आला, तेव्हा मला माझीच किळस आली आणि मी फोन उचलला.

तो गाडी चालवत होता. कामावरून घरी, आणि घराखाली सिनेगॉग. मी त्याला सगळं सांगितलं, ठाण्याचा सूर्यास्त, इथला सूर्यास्त, सहा वाजले होते, तारे दिसले होते. मग त्याने गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला.

"म्हणजे काल नव्हतं," तो म्हणाला.

"नाही. आजची रात्र."

"तुला कधी कळलं?"

"सुतकात."

मला वाटलं तो फोन ठेवून देईल.

"काल मी तिच्यासाठी सगळ्यांना जेवायला बोलावलं, दादा. तू हात जोडलेस खाली."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

मी म्हणालो, तुझ्याकडे दहा माणसं होती म्हणून. तो एकदा हसला, पण ते हसणं नव्हतं. "आणि आज माझी गरज पडली," तो म्हणाला. मी हो म्हणालो. त्याने मला माफ केलं की नाही हे त्या दिवशी कळलं नाही, नंतरही त्याने तो विषय काढलेला नाही. एवढंच म्हणाला की त्याच्या तिथीप्रमाणे आज मिन्हा झाली की त्याचं कद्दीश संपणार होतं, अर्वितला तो गप्प बसणार होता. गाडी परत सुरू झाली.

"ते लोक जोडून म्हणतात," मी म्हणालो. "तुझ्याकडे ऊन असतानाच."

"मग काय करू? तारे दिसेपर्यंत थांबवू सगळ्यांना?"

त्याने हे मुद्दाम विचारलं नव्हतं. इथे काय झालं ते मी त्याला अजून सांगितलं नव्हतं.

"नको," मी म्हणालो. "दहा आहेत तेव्हा म्हणून घे."

त्याने फोन चालू ठेवून खिशात टाकला. पायऱ्यांचा आवाज आला, दाराचा, खुर्च्या सरकल्याचा. मिन्हा झाली. कुणीतरी त्याला काही विचारलं, त्याने त्यांच्या भाषेत उत्तर दिलं, त्यात 'होदू' हा शब्द मला कळला. हिंदुस्थानला ते होदू म्हणतात. मग अर्वित. आणि मग त्याचा आवाज. माझ्या धाकट्या भावाचं कद्दीश मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तो फार हळू म्हणतो. माझ्यासारखा उरकत नाही. प्रत्येक ठिकाणी ती माणसं आमेन म्हणाली आणि गॅलरीत उभा राहून, फोन कानाशी धरून, मीही म्हणालो. मोठ्याने म्हणालो. शेजारचे मियाँ बाहेर आले, मला बघून परत आत गेले.

नंतर त्याने फोन खिशातून काढला. "तुझा आवाज येत होता," तो म्हणाला. "सगळ्यांचं आमेन झालं की मागून एक यायचं, खिशातून. लोक वळून बघत होते."

मी विचारलं, मग काय सांगितलंस त्यांना?

"सांगितलं, मोठा भाऊ आहे. आईजवळ हाच होता."

मग आम्ही थोडं इकडचं तिकडचं बोललो. तो म्हणाला, वर जातो, जेवण वाट बघतंय. मी म्हणालो, जा. फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ त्याच्या त्या हळू म्हणण्याचाच विचार करत होतो. इतकं सावकाश म्हणायला वर्षभराची सवय लागत असणार. ती त्याला होती.